फारखती

ते वाक्य माझं नाही.
थोरल्या भागीदाराच्या खणातला पिवळा नमुना हातात धरून
मी नुसतं सांगत गेलो, डोरीन टाइप करत गेली.
नमुना त्याला सासऱ्याकडून मिळालेला.
सासऱ्याला कुणाकडून, हे विचारायची आमच्या धंद्यात रीत नाही.

मार्च एकोणऐंशी. अँड्रोस्कॉगिन अजून गोठलेली,
कागद गिरणीचा वास पडद्यांत, सडक्या कोबीसारखा.
समोर अर्माँ थिबोडो,
उजव्या हाताची तीन बोटं रोलरला देऊन आलेला.
डाव्या हाताने सही करायला शिकत होता.
अकरा हजार डॉलर. खाली फारखती.

"मजकूर अपघातातून उद्भवलेले दावे,
आणि ज्ञात वा अज्ञात यच्चयावत हक्क,
जगाच्या आरंभापासून आजच्या तारखेपर्यंत."

तो ओठ हलवत वाचत होता. मध्येच हसला.
"जगाच्या आरंभी गिरणी होती का हो?"
मी म्हणालो, नेहमीचंच असतं हे.
त्याने सही केली. नावातला शेवटचा ओ
ओळ सोडून खाली घसरला.

आता पस्तीस वर्षांनी, पोर्टलंडच्या कोर्टात,
मी शेवटच्या बाकावर.
अर्माँ गेला. बोटांनी नाही, फुप्फुसांनी.
ड्रायरच्या पाइपांवर पांढरं वेष्टन असायचं,
रात्रपाळीची पोरं त्याचे गोळे वळून
बर्फासारखे एकमेकांना मारायची. सत्तरची गोष्ट, बहात्तरची.
म्हणजे सहीच्या आधीची.
म्हणजे त्या दिवशी तो माझ्यासमोर बसला तेव्हा
ते आत होतंच,
त्याला ठाऊक नव्हतं. मलाही.
हे मी शपथेवर सांगेन, पण मला कुणी बोलावलेलं नाही.

वाद स्वल्पविरामावर आला आहे.
लुसीलची वकील, सोसिए नावाची तरुण बाई, म्हणते
'अपघात' हा शब्द स्वल्पविराम ओलांडून पुढे जातो,
'यच्चयावत'ला दावणीला बांधतो.
तीन बोटं सोडली होती त्याने, श्वास नाही.
कंपनीचे ट्रॅस्क म्हणतात, अपघात तिथेच संपतो.
पलीकडे मोकळं रान, आणि रान आमचं.
विकत घेतलेलं.

मला त्या आठवड्यात खोकला होता.
सांगता सांगता मी थांबलो असेन, रुमाल शोधला असेल,
आणि डोरीनने, गुणी बाई, थांबलं तिथे चिन्ह दिलं असेल.
किंवा नमुन्यातच असेल ते.
ऑफिस विकलं तेव्हा नमुना रद्दीत गेला.

न्यायमूर्ती बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणतात,
भाषा स्वच्छ असेल तर
कागदाच्या चार कोपऱ्यांबाहेर मला बघता येत नाही.
आणि स्वच्छ आहे की नाही
हेही कोपऱ्यांच्या आतूनच ठरवायचं.
मग थोडं थांबून, ट्रॅस्कना:
आपल्याकडे काय आहे हेच ज्याला माहीत नाही
तो ते सोडतो म्हणजे नेमकं काय करतो?
ट्रॅस्क पान उलटतात. एक दाखला वाचतात, मग दुसरा.
वाईट वकील नाहीत. तरुणपणी मीही तेच वाचले असते.

मधल्या सुट्टीत पायऱ्यांवर लुसील.
मला ओळखत नाही. का ओळखावं?
विचारते, मीटरसाठी चिल्लर आहे का.
मी चार नाणी देतो. ती पर्समध्ये शोधत राहते,
मी नको नको म्हणतो, तरी
घडी घातलेली एक डॉलरची नोट
माझ्या तळहातावर दाबून बसवते.

"झाली फिट्टंफाट," म्हणते,
आणि वारा अंगावर घेत गाडीकडे जाते.

नोट हातात. मी तिथेच.
या शब्दात काय काय आलं,
हे आता मला कोण सांगणार.
खाली मीटरमध्ये एक एक नाणं पडतं आहे.
तिसऱ्यानंतर ती थांबली आहे. मला वाटतं,
चौथं अडकलं.